जावयाच्या खान्यातली लाल गाडी

परदेशी गाडीच्या नाकपुड्यांत मी स्वतःच्या हातानं झेंडू कोंबला. मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि नवरदेव माझ्या शेजारच्या सीटवर बसला होता.

यामागे माझं शास्त्र होतं. जुन्या जालन्यात माझं गॅरेज. तिथल्या फळ्यावर खाने आखून मी गाड्यांचे स्वभाव लिहायचो. ट्रॅक्टर म्हणजे म्हैस, हळू चालेल पण ओझ्याला नाही म्हणणार नाही. डिझेल जीप पैलवान. सकाळी जोर काढल्याशिवाय तिचं अंग मोकळं होत नाही. जुनी फटफटी वकील, आवाजाच्या मानानं काम कमी. आणि महागडी कार म्हणजे जावई. तिला आधी मान द्यायचा, पुसायचं, मगच बॉनेट उघडायचं. गिऱ्हाईकं मुद्दाम विचारायला यायची, "मिस्त्री, माझी कोण्या खान्यात?" दोन-चार अंदाज बरोबर आले आणि मी स्वतःला गाड्यांचा ज्योतिषी समजायला लागलो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या एका स्टील मिलवाल्या शेठनी मुलाच्या लग्नासाठी मुंबईच्या मित्राची सुपरकार मागवली. लाल, दोनच सीटची, माझ्या कमरेलाही न लागणारी. ट्रकवर चढवून ती थेट कुंभार पिंपळगावात, नवरीच्या गावी उतरवली. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाला न्यायचं होतं. चालवणार मी. शेठ एवढंच म्हणाले, "मिस्त्री, इज्जतीचा सवाल आहे."

मी गाडीभोवती चक्कर मारली. "हा साधा जावई नाही, जावयांचा जावई," मी लतीफभाईला सांगितलं. लतीफभाई माझा भागीदार, वायरिंगचं काम त्याच्याकडे. इंजिन सीटच्या मागे आहे एवढं मला कळलं. पण दारांच्या मागे दोन्ही अंगांना मोठी भोकं होती. लग्नाच्या गाडीला ती शोभेनात. मी त्यांत झेंडूच्या माळा ठासून बसवल्या.

"भाई, पहले पुस्तक तो देखो," लतीफभाई म्हणाला. गाडीसोबत जाडजूड पुस्तक आलं होतं.

"स्वभाव पुस्तकात नसतो, लतीफभाई."

बँड सुरू झाला. पुढे पोरं नाचणार, मागून आम्ही मुंगीच्या पावलानं. शाळेजवळ नवरदेवानं बोट दाखवलं, "मिस्त्री, हा लाल दिवा कामून लागला?"

"रुसली. मान कमी पडला."

मी उतरलो, आणि उरलेल्या दोन माळाही त्याच भोकांत कोंबल्या.

वीस पावलांवर मागून वाफ निघाली आणि इंजिन गप्प झालं. बारा वाजून वीस. बँडवाले मात्र वाजवतच राहिले. नवरीचा मामा गर्दीतून पुढे आला.

"पाव्हणं, गाडी आणली का पाणी तापवायचा बंब?"

गाव हसलं. शेठ हसले नाहीत. नवरदेव बाशिंग सांभाळत, चौघांच्या हाताला धरून कसाबसा बाहेर निघाला. लतीफभाईनं भोकात फडक्यानं हात घातला आणि काळपट, मऊ झालेला झेंडू ओढून काढला.

"भाई, भाजी शिज गई. हवा यहीं से जाती थी."

सोपं सांगतो. त्या गाडीचा रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी जाळी, त्या भोकांच्या आतच होता. चालत्या वेगात निदान वारा तरी लागतो. वरातीच्या वेगात तेवढाही नाही. मी जावयाचा सत्कार त्याचं नाक दाबून केला होता.

मामानं शेजारच्या गल्लीतून ट्रॅक्टर काढला. चाकांना वाळलेला चिखल, सीटवर पोतं. नवरदेव मडगार्डवर बसला आणि आमची म्हैस एका दमात मांडवात पोचली. अक्षता बारा पस्तीसलाच पडल्या. त्यानंतर माझ्या फळ्यावर स्वभावाच्या आधी एक नवा खाना आला: हवा कुठून घेते.

पण त्या दिवशी एवढी अक्कल आली नव्हती. दोन पंगती होईपर्यंत लतीफभाई पुस्तक मांडीवर घेऊन गाडीपाशीच बसला होता. मी जेवून आलो तर तिचं पाणी भरून झालेलं, आणि पहिल्याच किल्लीला ती गुरगुरली. मी छाती काढून शेठकडे वळलो.

"बघा शेठ, गेला की नाही तिचा राग!"

शेठनी पानाची पिचकारी बाजूला टाकली.

"राग कशाचा, मिस्त्री? तुम्ही जेवायला गेल्ते, म्हणून दुरुस्त झाली."