कपाटातला जोड

आयटीआयच्या आमच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या कपाटात वेल्डिंगचा एक जोड ठेवलेला असे. दोन लोखंडी पट्ट्या आणि मधे एकसारखी, देखणी शिवण. कुठल्या तरी जुन्या बॅचमधल्या पोराचं ते काम. तपासणीला साहेब आले की सर तोच पुढे करत आणि बिनदिक्कत सांगत, "ह्याच मुलांनी केलाय." आदल्या दिवशी पॉलिश पेपरनं तो घासून चकचकीत करायचं काम आम्हा मुलींकडे. वळसंगहून रोज एसटीत उभी राहून मी यायचे ती वेल्डिंग शिकायला, आणि शिकत काय होते, तर लोखंड पुसायला! वेल्डिंगच्या रॉडचे पुडे कुलपात. "परीक्षेला लागतील," हे सरांचं ठरलेलं उत्तर. तोवर हात बसावा म्हणून फरशीवर खडूनं रेघा ओढा. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारांची चाचणी निघाली. घरात दुधनीचं स्थळ आलेलं. आप्पांनी बजावलं होतं, कामाला लागलीस तर लग्न थांबवतो, नाहीतर नाही. चाचणीत मी रॉड टेकवला आणि तो पट्टीला चिकटून बसला. ओढला, तर पट्टीच वर आली. फोरमन म्हणाले, "वर्षभर तितं काय केलीस गं पोरी?" दसरा झाल्यावर पुन्हा ये, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. वेल्डिंग मशीनला झेंडूचा हार, पुढे आम्हीच काढलेली रांगोळी आणि पूजेसाठी कुलपातून बाहेर आलेला रॉडचा अख्खा पुडा. त्या दिवशी हत्याराला हात लावू नये, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण आरती झाली आणि मी हार उतरवला, बटण दाबलं.

सर किंचाळले, "अगं, आज मशीनला आराम असतो!"

"वर्षभर आरामच हाय की सर त्याला. आज तरी काम करू द्या."

हळदीकुंकू लागलेले रॉड एकामागून एक चिकटले. मग कुठं ठिणगी टिकली. पुडा संपेस्तोवर मी उठले नाही, आणि सर बोलायचे थांबले नाहीत. जोड वेडावाकडाच झाला. दुसऱ्या चाचणीत तेवढ्या शिदोरीवर कशीबशी तरले, बाकी सगळं कारखान्यात चटके खात शिकले.

आता तिथं नव्यांची चाचणी मी घेते. परवा माझ्याच आयटीआयची एक मुलगी आली, मोहोळकडची. तिचाही रॉड चिकटला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, माझंच चुकलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. तिच्यावर नाही. विचारलं, "कपाटात एक जोड असायचा, हाय का गं अजून?"

"व्हय मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली, "सकाळीच घासला की मी. तपासणी हाय उद्या."