बाटलीतलं पाणी

गूळ फोडताना वास आला की मला ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या घरी आलेला तो म्हातारा शेतकरी आठवतो. नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला हलत होत्या, ते दिवस. वडील आरोग्यखात्यात, त्यांच्या फायली गोणपाटात शिवून तयार होत्या. म्हातारा साखर कारखान्याजवळच्या गावातून उन्हातान्हात आला होता. हातातल्या बाटलीत त्याच्या विहिरीचं पाणी होतं, तपकिरी, मळीच्या आंबूस वासाचं. कारखान्याची घाण जमिनीत मुरून विहिरीत उतरली होती. उन्हातून आलेल्याला आमच्याकडे आधी गूळ-पाणी, म्हणून मी वाटी पुढे केली, तर वास येताच त्यानं तोंडच फिरवलं. "बिटिया, गुड़ हटा लो, बस पानी दे दो." दोन तांबे तो घटाघटा प्यायला. वडील खाली बघत म्हणाले, "दफ़्तर उठ गया, बाबा. अब अर्ज़ी भोपाल भेजो." तपासायला आणलेलं पाणी म्हाताऱ्यानं मोरीत ओतलं, बाटली विसळली, हुंगली, पुन्हा विसळली आणि आमच्या नळाखाली धरली. "नातिन के लिए," एवढंच म्हणाला. आजही उन्हातून कुणी आलं तर मी नुसतं पाणी देते, आणि देण्याआधी पेला हुंगून बघते.