आढ्यापर्यंत कापूस

बायकोला अकोल्यातलं आमचं जुनं घर दाखवायला नेलं आणि मोठ्या भक्तीने भलत्याच्याच गोठ्याला नमस्कार केला. गोठेवाला म्हणाला, "तुमचं घर समोर होतं, दादा. आता तिथं समदे परसाकडे जातात."

गोठ्यातल्या सरकीचा वास नाकात गेला. अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. भाव आणखी चढेल म्हणून वडिलांनी घर आढ्यापर्यंत कापसाने भरलं. आम्ही अंगणात राहायचो. आत विस्तव न्यायला बंदी. देव मात्र आतच होते. एका तिन्हीसांजेला "देवायले अंधारात काहून ठेवू?" म्हणत आई दिवा घेऊन आत गेली. आई बाहेर आली, घर गेलं. वडिलांनी तिला कधीच बोल लावला नाही.

परतताना हे सगळं ऐकून बायको म्हणाली, "म्हणून सासूबाई सांजेचा दिवा मलेच लावाले सांगत. अन् मी त्यायले आळशी म्हनत राहिली."