पेला आधी नाकाशी

पाण्याचा पेला हातात आला की बाई आधी तो नाकाशी न्यायच्या. मग उजेडाकडे धरायच्या. पटलं तरच ओठाला. नाही पटलं की पेला खाली. "नको, तहान नाही." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पंगतीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते.

अमरावतीत आमच्या अपार्टमेंटसमोर त्यांचं जुनं बैठं घर होतं. अकोल्याला पाणी तपासायच्या लॅबमध्ये त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर आमची गल्ली हीच त्यांची लॅब झाली. दूधवाल्याच्या कॅनमध्ये डोकावणार, रसवंतीवाल्याला विचारणार, "बर्फ कुठला?" एकदा, आम्ही राहायला यायच्या आधी, आमच्या इमारतीच्या टाकीत पाल मेली आहे म्हणून त्यांनी अख्खी टाकी उपसायला लावली. पाल निघाली नाही, कोणाचा तरी हरवलेला चमचा निघाला. तेव्हापासून बाई दिसल्या की पोरंटोरं "पाल, पाल" करायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात शिकवते. फ्लॅट माझ्या पगारावर घेतला, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. बिल्डरने घराघरात तांब्याचे पाइप घातले होते. "तांब्याच्या गडव्यातलं पाणी, आता थेट नळाला," म्हणायचा. आईला ते फार पटलं. रोज सकाळी अनशापोटी नळाचा पहिला पेला ती प्यायची, औषधासारखा.

घरभरणीला बाई आल्या. आईने पेला पुढे केला. तो नाकाशी गेला आणि खाली ठेवला गेला. "नको, तहान नाही." मे महिन्याची दुपार होती.

आता हे समजून घ्या. आमच्या घरात दारासमोरच बुद्धाची मूर्ती. बाईंच्या घराण्यात भिक्षुकी. आणि आई ज्या गावात वाढली, तिथे तिला विहिरीला हात लावू देत नसत. कोणाला दया आली तर वरून ओंजळीत ओतायचे. आईने तो भरलेला पेला उचलला, मोरीत रिकामा केला आणि म्हणाली, "इतकं शिकूनसवरून तेच राह्यलं व माय."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर गेले.

"मॅडम, आमच्या घरचं पाणी का नाही प्यायलात?"

"मला त्या पाण्याचा संशय आहे."

"मग कालच का नाही बोललात?"

"बोलले असते तर सगळे पाल पाल करत बसले असते."

"तपासा मग."

दुपारी त्या आल्या, नळाखाली बाटली भरली, जुन्या लॅबमध्ये पाठवली. काही दिवसांनी स्वतःच येऊन सांगितलं, "रिपोर्ट चांगला आला." आईने लगेच पेला भरून आणला. बाईंनी हुंगला. खाली ठेवला.

"तरी नको."

माझ्या हातात पुरावाच आला. पाणी चांगलं, मग वाईट कोण? त्या दिवसापासून रस्त्यात त्या दिसल्या की मी मान वळवायची.

पुढे आईला मळमळायला लागलं. डॉक्टर म्हणाले पित्त. एका सकाळी ती बाल्कनीत ओकाऱ्या काढत होती, आणि समोरच्या अंगणात बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी खालूनच ओरडून विचारलं, "सकाळीच होते का हे? काय खाल्लं होतं?"

"काई नाही. निस्तं पानी पेली," आई म्हणाली.

झारी टाकून बाई जिना चढून आल्या. दम लागला होता. "चुकलं माझं. दुपारचं पाणी नेलं मी. उद्या मी येईपर्यंत नळ खोलू नका. कोणीच नाही."

उजाडताच आल्या. रात्रभर पाइपात पडून राहिलेलं पाणी त्यांनी पांढऱ्या कपात धरलं. किंचित निळसर होतं, मी पाहिलं. त्याचा रिपोर्ट वाईट आला: तांबं मर्यादेबाहेर. प्लंबरने पाइपाचा तुकडा कापला. आतून शेवाळासारखा बुळबुळीत थर, त्याखाली हिरव्या-निळ्या गाठी आणि टोचल्यासारखे खड्डे. पाणी साचून राहिलं की जंतूंचा हा थर धरतो, बाईंनी सांगितलं, आणि त्याच्या आड तांबं खाल्लं जाते, पाण्यात उतरते. दुपारपर्यंत नळ वापरून वापरून ते वाहून गेलेलं असते, थराचा वास तेवढा उरलेला.

"पण मॅडम, तांबं तर तब्येतीले चांगलं असते," बिल्डरचा माणूस म्हणाला.

"गडवा आपण रोज रिकामा करतो, चिंचेनं घासतो. हा पाइप कोण घासते? तू?"

सगळे पांगल्यावर आईने त्यांना दारातच अडवलं. "बाई, एक सांगा. पान्यापाई पेल्या नाही, का आमच्यापाई?"

बाईंनी चपलेत घातलेला पाय परत बाहेर काढला. "पाण्यापायी," म्हणाल्या. "पण तुमच्या मनात काय येईल, ते मला कळायला पाहिजे होतं. आमच्या घरात शिवाशिव होतीच."

मी तेवढ्याने विरघळले नाही. पाइप बदलले, प्लास्टिकचे बसले, त्या दिवशी बाई न बोलावता आल्या. "आता द्या पाणी." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. पेला नाकाशी, उजेडाकडे, ओठाला. सगळा संपवला. "आणखी," म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या घराला कुलूप आहे.

परवा आईला घेऊन अकोल्याला गेले होते. माझी जुनी विद्यार्थिनी, सेमाडोहकडची कोरकू आदिवासी मुलगी, तिथे नोकरीला लागली आहे. घराण्यातली पहिलीच शिकलेली. भाड्याची खोली, नवी भांडी, दारावर तिच्या नावाची पाटी. तिने ट्रेमधून पाणी आणलं. आईने पेला उचलला आणि नाकाशी नेला.

मुलीचा चेहरा उतरला. तो चेहरा मी आमच्या घरात पाहिला होता.

आईनेही ओळखला. पेला नाकाशी तसाच धरून ती म्हणाली, "पान्यापाई हुंगून राह्यली व पोरी. तुह्यापाई नाही."

आणि घटाघटा पिऊन रिकामा पेला पुढे केला. "आन आणखी."