शबानाचं रीडिंग

"ह्या मुलीला शून्य. रीडिंग मनाने लिहिलंय." नागपूरहून आलेले एक्स्टर्नल सर पेन उघडून बसले.

प्रॅक्टिकलला शून्य म्हणजे बी.एस्सी.चं अख्खं वर्ष गेलं. घुग्घुसहून बसने येणारी शबाना रडायच्या बेतात होती, पण हटेना. "मॅडम, मले दिसलं तेच लिवलं. अल्लाची कसम!"

नव्वदच्या दशकातलं चंद्रपूरचं कॉलेज. मी पहिल्यांदाच इंटर्नल झालेली. साडीला स्टार्च, मानेला त्याहून जास्त. सरांसमोर शहाणी दिसायचं म्हणून मीच डाफरले, "काऊन खोटं लिवलं?"

प्रयोग पोलॅरिमीटरचा. ही दुर्बिणीसारखी नळी. साखरेच्या, म्हणजे इथे ग्लुकोजच्या, पाण्यातून जाताना प्रकाश किती वळला ते ती सांगते. शबानाचा आकडा जास्त होता, तिच्या नंतर बसलेल्या वंदनाचा कमी, पुस्तकातल्या आकड्याजवळचा.

"बाटली एक, साखर एक. मग आकडे दोन कसे, मॅडम?" सरांनी मला विचारलं.

बाटली! आदल्या दिवशीच्या द्रावणात मुंग्या निघाल्या, म्हणून मी पेपरच्या तोंडावर ताजं केलं होतं. मी खडू उचलला.

"सर, ही ग्लुकोजची कडी. पाच कोपऱ्यांवर कार्बन, एकावर ऑक्सिजन. उजव्या टोकाच्या कार्बनचा ओएच गट खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा. आपली पावडर अल्फा. पाण्यात कडी हळूहळू उघडते, परत मिटते, आणि मिटताना कित्येकींचा ओएच वर जातो. बीटा प्रकाश कमी वळवते! म्हणून द्रावण जुनं होत गेलं की आकडा उतरतो."

हा षट्कोन मी वर्षानुवर्षं रांगोळीसारखा काढत होते, आणि तो रांगोळीसारखाच गप्प बसतो असं धरून चालले होते. येडीच!

"पुस्तकात असेल. इथे तेच झालं कशावरून?"

"तुम्हीच बघा ना."

ताजं द्रावण केलं, नळी भरली. आकडा आला थेट शबानाच्या जवळ. मग त्याच द्रावणात अमोनियाचे थेंब टाकले; त्याने कडीची उघडमीट भराभर होते. नळी परत भरली. सरांनी डोळा लावला.

"अरे... उतरलं! मॅडम, पार उतरलं!" सर उठले तशी खुर्ची मागे आडवी.

वंदना घाबरत म्हणाली, "मंग माह्यं चुकलं का जी?"

"दोघींचंही बरोबर!" सरच ओरडले. शबाना पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी.

तेव्हापासून रिटायर होईपर्यंत, दोघांचे आकडे जुळले नाहीत तर मी आधी द्रावण कधी केलं ते विचारायचे. आणि तंतोतंत जुळले, तर कोणी कोणाचं बघून लिहिलं ते.