धोंडू मेस्त्रीचा ओंडका

अहो, मुंबईत काय मिळत नाही? अख्खा ओंडका मिळत नाही! भोईवाड्यातल्या धोंडू मेस्त्रीला विचारा. सारा जन्म लेथवर लाकूड कातण्यात गेला. लाटणी, भोवरे, पलंगाचे पाय. आता चाळ पाडायची ठरली, येत्या पाडव्याला मागच्या गल्लीतला लेथचा गाळाही सोडायचा. त्याआधी त्याला एकच काम करायचं होतं, आनंदाच्या पखवाजाला नवं खोड. आनंदा शेजारचा, दोघं एकाच भजनी मंडळातले. जुनं खोड उभं चिरलं, तेव्हापासून आनंदा भजनात नुसता मांडीवर ताल धरून बसायचा. धोंडूला ते बघवेना. पण आनंदाला आधी पत्ता लागू द्यायचा नव्हता.

वखारीत जावं तर शेठ फळ्या दाखवणार. “चिकटवून गोल करा ना, काका!” चिकटवून? मग तेलाचा डबाच वाजवा की! कुठे झाड पडलं असं कळलं की धोंडू धावायचा, तोवर करवतवाल्यांनी खांडोळी केलेली. अँटॉप हिलला तर त्याच्या डोळ्यांदेखत आंब्याचे तुकडे केले मेल्यांनी. टेम्पोत बसत नाही म्हणे! धोंडूनं कपाळावर हात मारला.

अखेर ऐन होळीच्या सकाळी शिवडीच्या अँथनीनं, धोंडूच्या जुन्या गिऱ्हाइकानं, अंगणातला फणस तोडला आणि कवेत जेमतेम मावेल असा ओंडका राखून ठेवला. गाळ्याची गल्ली मांडवानं अडलेली, म्हणून हातगाडीवाल्यानं तो चाळीच्या चौकातच उतरवला. तडा जाऊ नये म्हणून धोंडूनं टोकांना शेण फासलं आणि ओंडका जिन्याखाली सरकवला. जेवून नेऊ म्हणाला. वर घरी बायकोच्या, शेवंतीच्या हातच्या पुरणपोळ्या, त्यावर तूप. मग कोण उठतंय? बाबाचा डोळा लागला.

जागा झाला तो गलक्यानं. गॅलरीतून बघतो तर होळी रचलेली आणि मधोमध त्याचा ओंडका! हळदकुंकू, हार, सगळं झालेलं. दरवर्षी मेस्त्रीचं उरलंसुरलं लाकूड त्याच जिन्याखाली यायचं आणि होळीत जायचं. विचारायचं कुणी आणि कशाला?

“अरे, काढा तो!” करत धोंडू खाली धावला. मागून आलेल्या शेवंतीनं त्याचा हात घट्ट धरला. “अहो, पूजा झालीय. होळीला दिलेलं परत मागतात का?”

पेटवायचा मान यंदा आनंदाचा. चूड घेऊन तो हसत वळला. “मेल्या धोंडू, काय लाकूड दिलंस रे! गावलं कुठे एवढं?”

सांगितलं असतं तर आनंदाला जन्मभर लागून राहिलं असतं. “गावलं,” धोंडू म्हणाला.

ओला फणस नुसता धुमसत राहिला. सगळ्यांनी बोंब ठोकली. धोंडूनं तोंडावर हात आपटत अशी बोंब मारली, की बाकीचे थांबून बघायला लागले.

“मेस्त्री यंदा फॉर्मात!” आनंदा खूश.

शेवंतीनं पदरानं नवऱ्याचे डोळे पुसले. “धूर गेला त्यांच्या डोळ्यांत,” ती आनंदाला म्हणाली.