बारा बुड्यांचा काळा

नरसय्या गेल्याची बातमी दुपारी आमच्या दैनिकाच्या कार्यालयात आली. पहिले पान लागत होते. रंगखान्यातला एक कामगार दाराशी येऊन म्हणाला, "बातमीवाले तुमीच न्हवं? नरसय्या गेले. सकाळी. चार दिस ताप हुता." मी सवयीने पेन्सिल उचलली, नाव लिहिले आणि पुढे काय लिहायचे ते सुचेना... त्याला महिना होऊन गेला. आज लिहितो आहे ते त्यांच्याविषयी, आणि मी त्यांच्याशी एकदाच बोललेल्या खोट्याविषयी.

सोलापुरातल्या एका मोठ्या हातमागवाल्याच्या रंगखान्यात ते मुख्य रंगारी होते. घरात तेलुगू, बाहेर इथली मराठी. सूत निळीच्या पिंपात बुडवायचे, वर काढून वाऱ्यावर धरायचे, पुन्हा बुडवायचे; दर बुडीला निळा एक पायरी गडद होतो. ही मोजणी ते ओठांतल्या ओठांत तेलुगूत करीत: वकटी, रेंडू, मूडू... रंगखान्यावर मी एक मजकूर लिहिला आणि त्यात 'सुंदर निळसर साडी' असे शब्द घातले. दुसऱ्या दिवशी अंक हातात घेऊन ते दारात हजर. "ओ बातमीवाले, निळसर म्हंजी काय वो? किती बुड्यांचा? ठावं न्हवतं तर इचारायचं की!" मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्या भांडणातून मैत्री झाली. रविवारी सकाळी आम्ही तळ्याकाठी पाखरे बघायला जाऊ लागलो. त्यांचा जीव शिंजिरावर. बोटाएवढे पाखरू, फुलासमोर क्षणभर हवेतच थरथरत राहते आणि वाकड्या चोचीने मध ओढून घेते. सावलीत कोळशासारखे काळे, उन्हात आले की अंगभर जांभळी झळाळी. "बारा बुड्या दिल्या तर सूत ह्याच्या जवळ जाईल," ते म्हणत, "पर येवढी नीळ मालक कुटली देतोय!"

एका वर्षी, ज्येष्ठ लागायच्या सुमारास, त्यांनी आंबोलीला जायचे काढले. सोलापूरच्या उन्हात डोळे दिपतात, ढगातल्या मऊ उजेडात पाखरांचे रंग नीट पारखता येतील, असे त्यांचे म्हणणे. कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरज, मग कोल्हापूर, पुढे सर्व्हिस मोटार. घाटमाथ्यावर ढग थेट रानात उतरले होते. खोडांना हिरवे शेवाळ, पानापानातून ठिबकणारे पाणी, आणि समोरचा माणूस दहा पावलांवर पुसट. "लई सूत धुऊन वाळत घातलंय बगा हितं," नरसय्या म्हणाले. कस्तुराची शीळ ऐकू येई, पाखरू दिसत नसे. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी डोक्यावरून जाई आणि मग ढगातून मोठी चोच बाहेर पडे. एक शेकरू झाडावरून झाडावर झेपावले तेव्हा ते लहान पोरासारखे ओरडले, "काताच्या रंगात काढलीया शेपटी!" दोन दिवस असे गेले. शिंजीर काही दिसेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका फुललेल्या बांडगुळावर तो आला. आमच्यापासून दोन हातांवर. त्याच वेळी ढग फाटला, ऊन नेमके फांदीवर पडले आणि पाखराचा गळा जांभळा पेटला. मी नरसय्यांकडे पाहिले. ते पाखराकडेच बघत होते, पण चेहरा कोरा होता. छत्रीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "बातमीवाले," ते हळूच म्हणाले, "काळाच हाय न्हवं?"

आम्ही इतक्या लांब कशासाठी आलो ते मला त्या क्षणी कळले. रंगाऱ्याचे डोळे गेले तर त्याचे काय उरते, तेही कळले.

"काळाच," मी म्हणालो. "ढगात सगळेच काळे दिसते."

"व्हय की!" त्यांनी श्वास सोडला. त्या दिवशी ते पोटभर जेवले. परतीच्या गाडीत सांगू, घरी पोचल्यावर सांगू, असे मी ठरवत राहिलो... आणि सांगितले नाही.

पुढच्या लग्नसराईत एका बस्त्यासाठी जांभळ्या काठाचे सूत मागवले होते. ते काळे निघाले. विणणाऱ्यांना दिसत होते, पण नरसय्यांनी रंगवलेल्या सुताला नाव कोण ठेवणार? लग्नाच्या साड्या काळ्या काठाच्या विणून झाल्या. मालकाने त्यांना त्याच दिवशी घरी पाठवले. मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नव्हती. "वर्षापूर्वी आला असतात तर तेव्हा होती तेवढी तरी राहिली असती," डॉक्टर म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. नरसय्या उठले, माझा खांदा चाचपून धरला आणि म्हणाले, "चला, ऊन वाढतंय."

आंबोलीचे नाव त्यांनी पुन्हा कधी काढले नाही. मी दर रविवारी जाई. अंगणातल्या डाळिंबावर शिंजीर आला की ते पंखांच्या आवाजावरून ओळखत आणि विचारत, "किती बुड्यांचा?" मी नेमके सांगे. तेवढे तरी नेमके.

तेराव्यानंतर राजम्मांनी, त्यांच्या पत्नीने, पेटीतून एक पुडके काढून दिले. आत सुताची एक लडी होती. काळी. "अण्णा, हे तुमाला द्या म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "आंबोलीवरनं आल्यावर त्याच हप्त्यात रंगवलं. बारा बुड्या. मग उन्हात धरून लई येळ बसले. मला इचारलं, रंग कंचा? म्या म्हनलं, जांभळा की! तर म्हनले, बातमीवाल्याला बोलू नगं. त्येला वाईट वाटंल."

म्हणजे त्यांना त्याच आठवड्यात कळले होते. मी खरे बोललो असतो तर आम्ही दोघे त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो असतो. मी खोटे बोललो, आणि ते खोटे माझ्यासाठी त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले.

लडी माझ्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. दिवसभर काळी दिसते. सकाळी ऊन खिडकीतून तिच्यापर्यंत येते, तेव्हा मी जवळ जाऊन तिचा रंग मोठ्याने सांगतो.